आधी उजेड की आधी पैसे?

मराठीत विजेला तीन क्रियापदे लागतात. वीज 'जाते', वीज 'तोडतात' आणि आता नव्याने ऐकू येऊ लागले आहे त्याप्रमाणे वीज 'संपते'. जाते तेव्हा कारण वादळ असते, तारेवर पडलेली फांदी असते किंवा जळालेले रोहित्र असते. तोडतात तेव्हा तोडणारा असतो : खांबावर चढलेला वायरमन, त्याला पाठवणारे कार्यालय आणि त्या कार्यालयाने आधी धाडलेला एक कागद. संपते तेव्हा मात्र कर्ता उरत नाही. डब्यातले पीठ संपावे तशी मीटरमधली रक्कम संपते आणि घर अंधारात जाते. दोष द्यायचाच तर घरातल्यांना द्यावा लागतो.

हा फरक व्याकरणापुरता राहत नाही. विजेचे पैसे कधी भरायचे, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. वापरून मग बिल भरणे म्हणजे पोस्टपेड आणि पैसे भरून मग वापरणे म्हणजे प्रीपेड. यांतल्या निवडीची चर्चा आपल्याकडे बहुधा 'सोयीचे काय' एवढ्यावर थांबते. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही आणि विद्युत अभियांत्रिकीही नाही. जुनी बिले जमवणे, त्यांच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचणे आणि तो कोणत्या कलमातून आला हे शोधणे, एवढाच माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. त्यातून एक गोष्ट हाती लागली. पैसे भरण्याची पद्धत निवडताना आपण खरे तर एक मुदत निवडत असतो. ओढगस्तीच्या महिन्यात दिवा विझण्याआधी आपल्याला किती दिवस मिळणार, ती मुदत.

एका स्वयंपाकघरातल्या चार रीती

घरात येणाऱ्या प्रत्येक इंधनाची पैसे मागण्याची रीत वेगळी असते. रॉकेल बाटलीने मिळे. संध्याकाळी मजुरी हातात पडली की तिच्यातूनच मीठ-मिरचीबरोबर बाटलीभर रॉकेल येई. सरपणाची मोळीही तशीच, त्या दिवसापुरती. सिलिंडरची गोष्ट वेगळी. आपण त्याला कधी प्रीपेड म्हणत नाही, पण १४.२ किलो गॅसचे सगळे पैसे शेगडी पेटण्याआधीच द्यावे लागतात. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पहिली जोडणी गरिबांच्या आवाक्यात आली. मात्र दुसरा, तिसरा सिलिंडर घेताना एकरकमी पैशांची अडचण उभी राहिली. ५ किलोचा छोटा सिलिंडर हे त्या अडचणीवरचेच उत्तर. मुंबईत पाइपने गॅस येतो त्या घरांना मात्र दोन महिन्यांनी बिल येते. आणि वीज महिनाभर आधी वापरायची, मग मोजायची, मग तिचे पैसे भरायचे.

या चार रीती शेजारी शेजारी ठेवल्या की एक नियम दिसतो. ज्याची मिळकत रोजची, त्याची खरेदी रोजची आणि रोखीची; ज्याचा पगार महिन्याचा, त्याला उधारीही महिन्याची. विजेचे मासिक बिल हा या नियमाला मोठा अपवाद होता. झोपडीतल्या एका दिव्याच्या जोडणीलाही तेच बिल, तीच अंतिम तारीख आणि तीच नोटीस. वाण्याच्या वहीत ज्याचे नाव चढत नाही, त्यालाही वीजमंडळ उधार देत होते.

कोण कोणाला उधार देते?

ही उधारी फुकटची असते असे मात्र नाही. वीज कायदा, २००३ मधील कलम ४७ प्रमाणे कंपनी ग्राहकाकडून सुरक्षा ठेव घेऊ शकते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी, मासिक बिल येणाऱ्या ग्राहकांची ही ठेव सरासरी एका महिन्याच्या बिलावरून दोन महिन्यांच्या बिलाइतकी केली. २०२२ च्या उन्हाळ्यात नेहमीच्या बिलाबरोबर आणखी एक बिल हाती पडून अनेकजण चक्रावले होते, ते याच वाढीव ठेवीचे.

हिशेब करून पाहू. महिन्याभरात वापरलेली वीज बिलाच्या दिवशी सरासरी पंधरा दिवसांची जुनी असते. वाचन होऊन बिल निघेपर्यंत आणखी काही दिवस जातात आणि भरण्याची अंतिम तारीख साधारण तीन आठवड्यांनी येते. म्हणजे वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाला कंपनी सरासरी चाळीस दिवसांची उधारी देते. त्याच ग्राहकाने तिच्याकडे साठ दिवसांच्या विजेचे पैसे आधीच ठेवलेले असतात. नियमित भरणारे घर कंपनीचे ऋणको नसून किंचित धनकोच असते. या ठेवीवर किमान रिझर्व्ह बँकेच्या बँक दराइतके व्याज देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ते दरवर्षी बिलात जमा होते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. एखाद्याने बिल भरलेच नाही, तर महिन्याची वीज, तीन आठवड्यांची मुदत आणि त्यानंतरची पंधरा दिवसांची नोटीस मिळून दोन महिन्यांहून अधिक काळ ती वीज पुरवत राहते. वीज तयार करणाऱ्यांचे पैसे मात्र तिला चुकते करावेच लागतात. ठेव दोन महिन्यांची का, याचे उत्तर या बेरजेत आहे.

बिलाच्या तारखांमध्ये आणखी एक हिशेब दडलेला आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकाने बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरले, तर कर व शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. अंतिम तारीख चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. कर-शुल्क बाजूला ठेवून १,००० रुपयांचे बिल धरले, तर सातव्या दिवशी ९९० रुपये आणि बाविसाव्या दिवशी १,०१२ रुपये ५० पैसे भरावे लागतील. साडेबावीस रुपयांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल. पण दोन आठवडे आधी पैसे दिल्याबद्दल एक टक्का म्हणजे वर्षाला सुमारे २६ टक्के दराने परतावा झाला. कोणतीही बँक बचत खात्यावर एवढे देत नाही. तेव्हा खात्यात पैसे असतील, तर अंतिम तारखेची वाट पाहण्यात काहीच शहाणपण नाही. ही सूट ज्याला मिळते त्याचा पगार बहुधा महिन्याच्या सुरुवातीला ठरलेला असतो. विलंब आकार ज्याला लागतो त्याची मिळकत बिलाच्या तारखा पाहून येत नाही.

सात, पंधरा, शून्य

आता मुदतीकडे येऊ. १९१० च्या भारतीय वीज कायद्यातील कलम २४ ने, बिल थकले तरी किमान सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येणार नाही, असे ठरवले होते. तो काळ इंग्रजी राजवटीचा आणि वीज म्हणजे बहुतांशी श्रीमंतांची चैन. २००३ च्या कायद्यातील कलम ५६ ने ही मुदत पंधरा दिवसांवर नेली. बिलाबद्दल तंटा असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की तंटा मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही, असेही संरक्षण दिले. नोटीस म्हणजे कागदाचा चिटोरा वाटतो, पण त्या पंधरा दिवसांत माणूस उसनवार करतो, मालकाकडून उचल घेतो, कार्यालयात जाऊन हप्ते पाडून मागतो, चुकीचे वाचन दुरुस्त करून घेतो.

३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. त्यांत नव्या जोडण्यांसाठी प्रीपेड मीटरची दिशा ठरवली गेली आणि एक वाक्य आले, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. त्याचा आशय असा : जमा रक्कम संपताच प्रीपेड मीटरने पुरवठा आपोआप बंद करावा, मात्र याला 'वीज तोडणे' समजले जाणार नाही, पैसे भरताच पुरवठा पुन्हा सुरू व्हावा.

तोडणेच नाही म्हटल्यावर तोडण्याआधीच्या पंधरा दिवसांचाही प्रश्न येत नाही. १९१० साली सात, २००३ साली पंधरा आणि प्रीपेड मीटरवर शून्य. सुरुवातीला सांगितलेले क्रियापद बदलले ते इथे. 'तोडली' मधला कर्ता गेला आणि त्याच्याबरोबर त्याची जबाबदारीही गेली.

त्याच कायद्याच्या कलम ४७ मध्ये दुसरी बाजूही आहे. ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल, तर त्याच्याकडे सुरक्षा ठेव मागण्याचा अधिकार कंपनीला राहत नाही. म्हणजे कायद्याने हा सरळ सौदा मांडला आहे. ठेव द्या आणि पंधरा दिवस घ्या, किंवा ठेव ठेवू नका आणि पंधरा दिवसही मागू नका.

पेनीच्या मीटरची गोष्ट

हा सौदा नवा नाही. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकाच्या अखेरीस खाचेत नाणे टाकले की तेवढ्यापुरता गॅस सोडणारे मीटर निघाले. लंडनमधल्या साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीने १८९२ पासून ते कामगारांच्या घरांत बसवायला सुरुवात केली. तिमाही बिल आणि अनामत रक्कम ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, अशा लाखो घरांत त्या पेनीच्या मीटरमुळे प्रथमच गॅसचा दिवा आणि शेगडी आली. प्रीपेडने गरिबांच्या घरात उजेड आणला, हे इतिहासात नोंदलेले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र मीटरचा आणि नाणी गोळा करण्याचा खर्च भरून काढण्यासाठी त्या पेनीला मिळणारा गॅस बिलवाल्यांपेक्षा कमी असे.

हा फरक शतकभर टिकला. ब्रिटनमध्ये बँकेतून परस्पर पैसे वळते करणाऱ्यांना वीज-गॅस स्वस्त आणि प्रीपेड मीटरवाल्यांना महाग, असे २०२३ पर्यंत चालत आले. तिथे रक्कम संपून घर अंधारात गेले, तर त्याला 'सेल्फ डिस्कनेक्शन', म्हणजे स्वतःच स्वतःची जोडणी तोडणे, असे म्हणतात. आपल्या नियमाने कर्ता पुसला; इंग्रजी शब्दाने ग्राहकालाच कर्ता केले. २०२२-२३ च्या हिवाळ्यात दर भडकले असताना थकबाकीदारांच्या घरात शिरून जबरदस्तीने असे मीटर बसवले जात असल्याचे उघड झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या नियामक संस्थेने, ऑफजेमने, तो प्रकार थांबवायला लावला. पुढे अतिवृद्ध आणि तान्ह्या मुलांच्या घरांना संरक्षण देणारे नियम आले. रक्कम संपल्यावर थोडी आगाऊ उधारी देणे आणि रात्री पुरवठा बंद न करणे या सवलती तिथे आधीपासून होत्या. थोडक्यात, शंभर वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी प्रीपेडमध्ये थोडीथोडी मुदत परत शिवून टाकली.

आपल्यापुढची निवड

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात विरोध झाल्यावर, सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. आता बसवले जाणारे स्मार्ट मीटर वापरानंतरच्या बिलावरच चालतात. पण हे मीटर दोन्ही पद्धतींनी चालू शकते. एका पद्धतीवरून दुसरीवर जायला वायरमनची गरज नाही, निर्णयाची आहे. म्हणून हा विचार आजच करायला हवा.

सर्वांना एकच पद्धत सोयीची असे मला वाटत नाही. शिकायला किंवा नोकरीला आलेली मुले भाड्याच्या खोलीत राहतात, घरमालक आणि भाडेकरू यांच्यात थकलेल्या बिलावरून भांडणे होतात, गावाकडचे घर दहा महिने बंद असते. तिथे प्रीपेड सरळ आहे. रोज कमावणाऱ्याला शंभर-दोनशे रुपयांचा भरणा एकरकमी बिलापेक्षा हलका जाऊ शकतो, रॉकेलच्या बाटलीसारखा. पण ज्या घरात इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, प्राणवायूचे यंत्र आहे, दहावीचा अभ्यास आहे आणि मिळकतीचा भरवसा नाही, तिथे ठेवीपेक्षा पंधरा दिवसांचे मोल जास्त.

बँकेतून आपोआप पैसे कापले जाण्याच्या सोयीबद्दलही हेच. ती असली की सूट चुकत नाही आणि विलंब आकार लागत नाही. मात्र २०२० मध्ये टाळेबंदीत मीटरवाचन बंद होते, सरासरीने बिले गेली आणि जूनमध्ये एकदम मोठे आकडे आले, ते आठवावे. ज्यांचे पैसे अजून हातात होते ते तंटा मांडू शकले, हप्ते मागू शकले. कार्ड किंवा यूपीआयवरच्या स्वयंचलित कपातीआधी किमान २४ तास सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये. नेहमीपेक्षा दुप्पट आकडा दिसला, तर कपात थांबवून आधी वाचन तपासावे.

प्रीपेडचा प्रस्ताव दाराशी आलाच, तर प्रथम चार प्रश्न लेखी विचारावेत. माझी ठेव रोख परत मिळणार की खात्यात वळती होणार? रक्कम संपत आल्याची सूचना किती दिवस आधी आणि कोणत्या भाषेत येणार? रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा घरात आजारी माणूस असताना पुरवठा चालू राहील का? आणि पुन्हा बिलावर यायचे ठरवले, तर येता येईल का? यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे नियमांत लिहून घेण्यासाठी आयोगाच्या जनसुनावण्या खुल्या असतात. तिथे कोणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही, पदवी लागत नाही. गेल्या बारा महिन्यांची बिले जवळ असली की पुरते.