आयनॅचरलिस्टवरील नावबदल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाभळीचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ अकेशिया निलोटिका होते. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियात आढळणाऱ्या गटाकडे गेले, 2011 मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला आणि बाभूळ वॅचेलिया निलोटिका झाली. लोकांनी पाहिलेल्या सजीवांच्या नोंदी आणि त्यांची ओळख जिथे होते त्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर असा बदल स्वयंसेवक क्युरेटर अमलात आणतात. मग जुन्या नावाने दिलेल्या ओळखीच्या जागी त्याच वापरकर्त्याची नव्या नावाची ओळख आपोआप नोंदली जाते. हे नको असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

आपोआप बदल म्हणजे आपली ओळख दुसऱ्याने पुसणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जुनी ओळख नोंदीखाली तशीच दिसते. ती फक्त मोजणीतून बाहेर पडते.

याहून नुकसानकारक समज असा, की हा पर्याय बंद ठेवल्याचा परिणाम आपल्यापुरताच राहतो. समजा, सोलापुरातल्या एका बाभळीच्या नोंदीवर दोनच ओळखी आहेत. फोटो काढणाऱ्याची ओळख वॅचेलिया झाली, पण दुजोरा देणाऱ्याने आपोआप बदल बंद ठेवल्याने त्याची अकेशियावरच राहिली. झाड एकच, मतही एकच. तरी दोन वेगळ्या प्रजातींमुळे एकमत मोडल्यासारखे दिसते. नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ म्हणजे संशोधनयोग्य दर्जा मिळण्यासाठी दोन-तृतीयांशांहून अधिक ओळखी जुळाव्या लागतात. त्यामुळे ही नोंद प्रजातीवरून वरच्या गटाच्या पातळीपर्यंत घसरू शकते आणि वॅचेलिया निलोटिका शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती लागत नाही. दोघांनीही बदल बंद ठेवला असेल, तर ती बाद झालेल्या नावाखालीच पडून राहते.

एका प्रजातीच्या दोन होतात तेव्हा गुंता वाढतो. आयनॅचरलिस्ट पक्ष्यांसाठी वापरते त्या क्लेमेंट्स यादीत गायबगळा आता पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असा वेगळा आहे. अशा वेळी आयनॅचरलिस्ट नोंदीचे ठिकाण आणि प्रजातींचे ठरवलेले प्रदेश ताडून पाहते. ठिकाण एकाच प्रजातीच्या प्रदेशात बसले तर ते नाव मिळते, नाहीतर ओळख वरच्या गटात जाते. म्हणजे संगणक अंदाजाने नाव चिकटवतो, हा आक्षेप टिकत नाही.

‘सामूहिक ओळख नाकारणे’ ही सेटिंग मात्र पूर्ण वेगळी आहे. तिच्यामुळे इतरांचे मत काहीही असले तरी नोंदीवर निरीक्षकाचेच नाव दिसते. नावबदलाशी तिचा संबंध नाही. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

आपोआप बदल बंद ठेवणे मुळात चूक नाही. एखाद्या गटाच्या जाणकाराला प्रत्येक नोंद स्वतः तपासूनच नवे नाव द्यायचे असते, आणि तो आग्रह रास्त आहे. त्यासाठी नावबदलाची सूचना येते आणि त्या बदलाच्या पानावरून आपल्या नोंदी हाताने अद्ययावत करता येतात. अडचण होते ती बदल बंद करून संकेतस्थळाकडे फिरकणेच सोडून देणाऱ्यांमुळे. त्यांच्या वतीने क्युरेटरलाही ओळख बदलता येत नाही. इतरांनी नव्या नावाच्या पुरेशा ओळखी दिल्या तरच ती नोंद पुन्हा मार्गी लागते.