चौकांतील अपघात आणि चौकीवरील कागद

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या सुशिक्षित घरांत इतकी मुरली आहे कीं, तिचा अंमल पोलिस ठाण्याच्या पायरीपर्यंत येऊन पोंचला आहे. चौकांत दोन गाड्यांची टक्कर झाली, कीं वडील मंडळी प्रथम म्हणतात, “आपसांत मिटवून टाका.” केवळ पत्रा चेपला असेल, तर हा सल्ला ठीक आहे. मनुष्यास इजा झाली असेल, तर मात्र तो घातक ठरतो. डोक्याचा किंवा पोटांतील मार कित्येकदां कांहीं तासांनीं लक्षांत येतो. तोंवर चौकांतील कांचा झाडल्या जाऊन रहदारी पूर्ववत् सुरू झालेली असते.

चौकांतील तंटा बहुधा एकाच प्रश्नाचा असतो: हिरवा दिवा कोणाला होता? दोन्ही पक्ष तो आपल्यालाच होता असें सांगतात. अशा वेळीं घटनास्थळाचा पंचनामा उपयोगी पडतो. गाड्या कोठें व कोणीकडे तोंड करून थांबल्या, चाकें घसरल्याच्या खुणा कोठून निघतात, रस्त्याची रुंदी किती, हें सारें त्यांत नोंदलें जातें.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकावर दोन कर्तव्यें घातलीं आहेत: जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें, आणि शक्य तितक्या लौकर, फार तर २४ तासांच्या आंत, जवळच्या ठाण्यास वर्दी देणें. वाटसरूनेंही भिण्याचें कारण नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें सद्भावनेनें मदत करणारास संरक्षण दिलें आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते. ‘ही हद्द आमची नव्हे’ हें उत्तर आतां चालत नाहीं. प्रथम खबरीची, म्हणजे बोलण्यांतील एफ.आय.आर.ची, नक्कल फिर्यादीस अथवा पीडितास विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास हकीकत लिहून टपालानें पोलिस अधीक्षकांकडे धाडावी. तेवढ्यानें न भागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागतां येते.

नुकसानभरपाईची सारी इमारत याच कागदांवर उभी राहते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्यानें ४८ तासांत पहिला अपघात-अहवाल व ९० दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. दाव्यासाठीं कायद्यानें अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. धडक देऊन पळालेली गाडी सांपडलीच नाहीं, तरी मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपयांची तरतूद आहे. परंतु तीही नोंदीवांचून हातीं येणें कठीण.

एकत्र कुटुंबांत ‘कोणी तरी गेलें असेल’ अशा समजुतीनें दिवस निघून जातात. म्हणून एकाच जबाबदार माणसाकडे हें काम सोंपवावें. रुग्णालयांत इजा रस्त्यावरील अपघाताची आहे, असें स्पष्ट सांगावें. जबाबावर सही करण्यापूर्वीं वेळ, दिशा, गाडीचा क्रमांक आणि जखमीचें नांव अक्षरशः ताडून पाहावें. एका चुकलेल्या आंकड्यावर विमा कंपनी हरकत घेऊं शकते.

आपसांतल्या तडजोडींत नुकसान बहुधा दुबळ्या पक्षाचें होतें. पाय मोडलेल्या सायकलस्वाराच्या हातीं चार नोटा ठेवून मोटार निघून जाते, आणि पुढील कित्येक महिन्यांचा दवाखाना त्याच्या बायकामुलांच्या वांट्यास येतो. उद्यां त्या जागीं आपल्याच घरचा कर्ता असूं शकतो, एवढें ध्यानीं ठेवलें, तर ठाण्याची पायरी चढण्यांत कमीपणा वाटणार नाहीं.