कर्टन वॉलसाठी धातूची निवड : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना : इमारतीचा भार न पेलणारी, मात्र वाऱ्याचा दाब व स्वतःचे वजन मुख्य सांगाड्याकडे पोहोचविणारी धातू-काचेची बाह्य भिंत म्हणजे कर्टन वॉल होय. तिच्या धातूची निवड हवामानाशी निगडित आहे.

विवेचन : महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जत तालुका अवर्षणप्रवण आहे. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ असते, परंतु ओलाव्यात गंजते. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर आपोआप तयार होतो. तथापि ओल्या जागी पोलादी बोल्टशी थेट संपर्क आल्यास अ‍ॅल्युमिनियम झिजते. म्हणून महाबळेश्वरला दोहोंमध्ये विद्युतरोधक वॉशर वा पट्टी अत्यावश्यक ठरते. जतच्या उन्हात प्रसरणाचा प्रश्न अधिक जाणवतो. तापमानात ४० अंश सेल्सिअसची वाढ झाल्यास ३ मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा उभा दांडा सुमारे २.८ मिलिमीटर, तर पोलादाचा १.४ मिलिमीटर वाढतो. काचेचे प्रसरण याहून कमी असते. सांध्यात मोकळीक नसल्यास काच तडकून खाली कोसळण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष : अ‍ॅल्युमिनियम दोन्हीकडे उपयुक्त आहे; सांध्यांची रचना मात्र स्थानानुरूप हवी. महाविद्यालयांनी इमारतीच्या निविदेत धातूच्या नावाबरोबर सांध्यांचा तपशीलही नमूद करणे इष्ट होय.