वऱ्हाडी सरपंच थांबतो तेव्हा

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीसाठी ते दूरदूरच्या जैन भाविकांना ठाऊक आहे. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, ही इथली श्रद्धा, आणि देवाचं नावही त्यावरूनच पडलं. त्यामुळे इथे दर्शनाला आलेला माणूस आधी हात जोडतो आणि मग वाकून मूर्तीच्या खाली बघतो. वर दिसतंय ते कशावर पेललंय, हे त्याला बघायचं असतं.

असंच वाकून बघावं असं मला गेली काही वर्षं एका विनोदी नटाबद्दल वाटत आलंय. तो नट शिरपूरचा नाही, पण शिरपूरच्या बाजारात जी भाषा कानावर पडते तीच वऱ्हाडी बोली घेऊन तो महाराष्ट्राच्या घराघरांत शिरला. तो म्हणजे अमरावतीकडचे भारत गणेशपुरे. झी मराठीवर 2014 साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. सूत्रधार नीलेश साबळे, गाव थुकरटवाडी, आणि त्या गावचे सरपंच गणेशपुरे. भोवती भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे यांचा धुमाकूळ चालू असायचा. कुणी लुगडं नेसून यायचं, कुणी धडपडायचं, कुणी रडायचं. आणि मधोमध सरपंच उभे. हातवारे जेमतेम, चेहरा कोरा. समोरचा काहीतरी अचाट बोलून जायचा. सरपंच त्याच्याकडे बघायचे, नुसतेच बघायचे, आणि ते तोंड उघडायच्या आतच प्रेक्षक फुटायचे.

माझा सगळा अचंबा याच क्षणाचा आहे. वाक्य अजून आलेलंच नाही, मग लोक हसले कशाला?

माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे भाषाशास्त्रज्ञांनी मोजलंय. 2009 साली जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या 10 भाषांवर झालेला असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं, म्हणजे सुमारे 200 मिलिसेकंद निघालं. भाषेभाषेत थोडा फरक होता, पण सगळ्या त्याच आसपास. आता गंमत बघा. एखादं चित्र दाखवून त्याचं नाव विचारलं, तर तो एक शब्द मनात जुळवून जिभेवर आणायला माणसाला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण आपलं उत्तर शिजवत असतो, आणि तो कुठे थांबणार याचा अंदाजही बांधत असतो. ओट्यावरच्या गप्पांतसुद्धा प्रत्येकजण हे करतो, दिवसभर, नकळत.

विनोदी नट नेमका या सवयीला हात घालतो. प्रेक्षकांच्या मनात उत्तराची वेळ ठरलेली असते. ती वेळ येते आणि नट गप्प राहतो. अर्धा सेकंद जातो, एक जातो, दीड जातो. सभागृहातला प्रत्येकजण आपल्या मनात ते उत्तर तयार करून बसलेला असतो. सरपंच काय म्हणतील याचा अंदाज जो तो आपापला करतो, आणि स्वतःच्याच अंदाजाला हसतो. पहिला हशा त्या न बोललेल्या वाक्याचा. मग सरपंच बोलतात, ते भलतंच असतं, आणि दुसरा हशा येतो. एका वाक्यावर दोन हशे! नाटकवाले याला 'पॉज घेणं' म्हणतात. सांगायला सोपं आहे. पण थांबण्यातला पाव सेकंद इकडेतिकडे झाला तर पहिला हशा येत नाही, आणि जास्त ताणलं तर नट वाक्य विसरला की काय अशी शंका येऊन लोक काळजीत पडतात. काळजीत पडलेला माणूस हसत नाही.

गणेशपुऱ्यांच्या थांबण्याला बोलीची मोठी साथ आहे, आणि मला वाटतं याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. वऱ्हाडी विनोदाचं कौतुक करताना लोक 'काऊन', 'मले', 'तुले' असे चार शब्द सांगून मोकळे होतात. नुसत्या शब्दांनी हसू येत असतं, तर वऱ्हाडातला प्रत्येकजण दिवसभर एकमेकांकडे बघून हसत बसला असता. खरी करामत वाक्याच्या ठेवणीत आहे.

एक साधं वाक्य घेऊ. पुण्याचा माणूस म्हणेल, 'का रे, असा का बघतोस?' वाशिमचा म्हणेल, 'काऊन बे, असा काऊन पाहून राह्यला?' पहिलं वाक्य 'बघतोस'वर झटकन तुटतं. दुसऱ्यात 'पाहून' आलं तरी वाक्य संपलेलं नसतं, 'राह्यला' यायचा बाकी असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचा निकाल तसाही शेवटी लागतो. वऱ्हाडी तो निकाल आणखी एका पायरीने पुढे ढकलते. जेवून राह्यलो, जाऊन राह्यले, करून राह्यली, असं सगळं चालू काम दोन पावलांत सांगितलं जातं. ज्याला थांबायचं आहे त्या नटाला ही केवढी मोठी सोय आहे! 'पाहून' आणि 'राह्यला' यांच्या मध्ये तो हवा तेवढा विसावू शकतो, आणि तरीही वाक्य मोडल्यासारखं वाटत नाही.

आज्ञेचंही तसंच. 'उद्या ये' असं वऱ्हाडी माणूस म्हणतोच असं नाही, तो 'उद्या येजो' म्हणतो. हा हुकूम आत्ताचा नाही, पुढे सवडीने पाळायचा आहे. सरपंचाच्या तोंडी असा हुकूम आला की त्यात अधिकारही राहतो आणि घाईही राहत नाही. उच्चारांनी धार आणखी बोथट होते. डोळ्याचा डोया होतो, पाण्याचं पानी होतं, विहिरीची इहीर होते. एवढ्या मऊ उच्चारांत कुणी अगदी टोकाचं बोललं, तर ऐकणाऱ्याला टोचलेलं कळायलाही क्षणभर उशीर होतो. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडीची वैशिष्ट्यं नोंदवून ठेवलेली आहेत. त्या नोंदी व्याकरणाच्या. त्यांवर शंभरेक वर्षांनी लाखो लोक पोट धरून हसतील, हे नोंदवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

छोट्या पडद्यावर ही भाषा यायला वेळ लागला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढे चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका आली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ही जोडी घरोघरी पोचली. ते हसू पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातलं होतं, आणि फार गोड होतं. खेड्यातला माणूस पडद्यावर यायचा तो बहुतेक वेळा तमाशापटाची भाषा बोलत यायचा. त्यातलं खेडं बहुधा सातारा-कोल्हापूरकडचं असायचं. पुस्तकांत मात्र वऱ्हाडी हजर होती. बुलडाण्याकडच्या रमेश इंगळे उत्रादकरांनी साक्षरता मोहिमेवर 'निशाणी डावा अंगठा' ही कादंबरी लिहिली. सरकारी कागद आणि गावचा माणूस यांची गाठ पडली की काय होतं, ते त्यांनी असं दाखवलं की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही आणि वाईटही वाटतं. त्यावर सिनेमाही निघाला.

ही भाषा रांगडी, अशुद्ध, म्हणून बाजूला ठेवली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण याच मुलखाची ख्याती कधीकाळी नेमकी उलट होती. शिरपूरच्या जवळचं वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या घराण्यातला सर्वसेन राजा स्वतः कवी होता आणि त्याने महाराष्ट्री प्राकृतात काव्य रचलं. पुढे हजारेक वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न कुठे लागलं, हे सांगताना त्याने विदर्भातल्या याच वत्सगुल्म नगराचं नाव घेतलं. इथल्या शैलीला प्राकृतात 'वच्छोमी' म्हणत. ज्या गावाच्या नावाने गोड बोलण्याची रीत ओळखली जायची, त्याच गावच्या माणसाला पुढे मुंबईत गेल्यावर 'नीट बोल' म्हणून ऐकावं लागलं.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरलाही विसरून चालणार नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्य सुरू झालं तेच असं, छोट्या प्रसंगांतून आणि बोलत्या माणसांच्या तोंडून. कोण काय म्हणालं, मग दुसरा काय म्हणाला, एवढंच. चार ओळींत माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. वऱ्हाडातल्या माणसाला संवादाचा कान आहे, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात हे सातशे वर्षांचं साठलेलं असतं.

आता परत त्या कोऱ्या चेहऱ्याकडे. 'चला हवा येऊ द्या'च्या आधी झी मराठीवर 'फू बाई फू' लागायचं. त्यात गणेशपुरे आणि सागर कारंडे जोडीने स्किट करायचे. जोडीत एकाने उधळायचं आणि दुसऱ्याने जमिनीवर राहायचं, ही वाटणी फार जुनी. तमाशाच्या बतावणीतही एकजण सरळ प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या त्याची उत्तरं वाकडी करतो. टाळी सोंगाड्याला मिळते, पण प्रश्न विचारणारा हसला तर सगळा खेळ पडतो.

अमेरिकेतल्या बस्टर कीटनला हे लहानपणीच उमगलं होतं. आईवडिलांबरोबर तो रंगमंचावर काम करायचा आणि वडील त्याला खुशाल उचलून फेकायचे. पडल्यावर तो स्वतः हसला की प्रेक्षक कमी हसायचे, आणि तो गंभीर राहिला की थिएटर डोक्यावर घ्यायचे. ते पाहून त्याने चेहऱ्यावर हसू आणणंच सोडलं, आणि मूकपटांच्या काळात तोच चेहरा जगभर गाजला. गणेशपुऱ्यांचा कोरा चेहरा मात्र कीटनपेक्षा वेगळा आहे. कीटनच्या चेहऱ्यावर संकटाला तोंड द्यायची तयारी दिसते. इथे दिसतो तो ग्रामपंचायतीत दहा तक्रारी ऐकून अकरावीची वाट बघणारा माणूस. त्याला नवल वाटत नाही. थुकरटवाडीत शाहरुख खान आला तरी सरपंच हे सरपंचच, यातच सगळं आलं.

हसण्याबद्दल आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झालो होतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणसं कधी हसतात याच्या नोंदी केल्या. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे 30 पट जास्त हसतो, असं त्याला दिसलं. शिवाय बहुतेक हसू विनोदावर येतच नाही, अगदी साध्या बोलण्यावर येतं. म्हणजे हसणं हा आधी सोबतीचा आवाज आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने आधीच ध्वनिमुद्रित केलेले हशे वाजवणारं यंत्र बनवलं, ते याच कारणाने. घरी एकट्या बसलेल्या प्रेक्षकाला सोबत हवी होती. आपल्या या कार्यक्रमाला समोर जिवंत प्रेक्षक होते, आणि नटाला वाक्य कधी टाकायचं ते तेच शिकवत. हशा चढत असताना बोललं तर वाक्य वाहून जातं. पूर्ण ओसरल्यावर बोललं तर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. हशा अर्ध्यावर उतरला की वाक्य टाकायचं. ते अर्धं कुठे येतं हे घड्याळ सांगत नाही, कान सांगतो.

आणि हाच कान कार्यक्रमाला दुसऱ्या टोकालाही नेत असे. सागर कारंडे पोस्टमनकाका होऊन यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे. कधी शेतकऱ्याचं, कधी एखाद्या आईचं. थोड्या वेळापूर्वी खुर्चीवरून पडेपर्यंत हसलेले लोक डोळे पुसायचे. हे कसं शक्य व्हायचं? मला वाटतं, तासभर एका लयीत हसलेली माणसं तोवर एका लयीत श्वास घ्यायला लागलेली असायची. मग थांबण्याची तीच युक्ती पत्रातही लागू पडायची. वाक्य संपायच्या आधी क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत प्रत्येकाला आपल्या घरचं कुणीतरी आठवायचं.

यूट्यूबवर सरपंचांची जुनी स्किटं सापडतात. एखादं आधी आवाज बंद करून बघा. बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकत उभ्या असलेल्या गणेशपुऱ्यांकडे बघा. मान किती कमी हलते, नजर कधी वळते, ओठ उघडायच्या आधी श्वास कधी घेतला जातो. मग आवाज लावून तेच पुन्हा बघा. प्रेक्षकांचा पहिला हशा त्या श्वासाच्या किंचित आधी सुरू झालेला ऐकू येईल.