हजेरीपटावर न दिसणारी गैरहजेरी

सकाळी वर्गात हजेरी होते. नाव पुकारले की मूल 'हजर' म्हणते आणि पटावर खूण उमटते. परंतु शरीराने हजर असलेले ते मूल मनानेही वर्गात आहे काय, हे त्या खुणेवरून कळत नाही. ताप आला तर शिक्षक कपाळाला हात लावून त्याला घरी पाठवितात. मन आजारी पडले तर त्याच मुलाला 'आळशी', 'हट्टी', 'नाटकी' अशी विशेषणे मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मानसिक विकारांपैकी सुमारे एक-तृतीयांश वयाच्या १४ व्या वर्षापूर्वी आणि निम्मे १८ व्या वर्षापूर्वी सुरू होतात. म्हणजे हा काळ नेमका शाळेचा व कनिष्ठ महाविद्यालयाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली; राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अशा घटनेला सहसा एकच कारण नसते. घरातील कलह, पैशांची चणचण, अपयशाची लाज, एकटेपणा हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. म्हणून केवळ परीक्षेला दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही.

मग शाळेने काय करावे? प्रथम पाहावे. बोलका मुलगा गप्प होणे, डबा न खाता परत नेणे, झोप उडणे, आवडता खेळ सोडणे, अकारण चिडणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ती 'वयाची लहर' समजून सोडू नयेत. दुसरे, मुलाला बाजूला घेऊन विचारावे आणि उपदेश न करता ऐकावे. जगणे नकोसे वाटते का, असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे; उलट विचारल्याने मनावरचे ओझे हलके होते. तिसरे, ऐकलेले चारचौघांत बोलू नये. मात्र जीवाला धोका दिसला तर ते गुपित ठेवू नये. पालकांना व तज्ज्ञांना तत्काळ कळवावे आणि तोवर मुलाला एकटे सोडू नये.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि शक्यतो गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. हुशारांची 'अ' तुकडी आणि उरलेल्यांची 'ड' तुकडी पाहत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना या शेवटच्या कलमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु समुपदेशकाच्या खोलीवर पाटी लावली म्हणजे काम संपत नाही. त्या खोलीत जाणाऱ्याला मित्रच 'वेडा' म्हणून हसणार असतील, तर तिचे दार उघडे असूनही बंदच!

आपल्यापैकी कित्येकजण उद्या बी.एड. करून वर्गात उभे राहतील. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. आपल्याच बाकावर शेजारी बसणारा हल्ली गप्प असेल, तर तास संपल्यावर चहाला चल म्हणावे, ऐकावे, आणि गरज दिसली तर प्राध्यापकांकडे त्याच्यासोबत जावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. कोणाच्या, केव्हा उपयोगी पडेल, हे हजेरीपट सांगत नाही.