धातू चांगला, संगत वाईट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दिवाळीच्या सुमारास तळ्याकाठी आवराआवर सुरू होते. पाण्यात उभे केलेले धक्के सुटे करून काठावर ओढतात, होड्या ट्रेलरवर चढतात आणि एकेक करून घरामागे किंवा गॅरेजात शिरतात. ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ म्हणून मिनेसोटा ओळखलं जातं. दहा एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. डिसेंबरात यातली बहुतेक सगळी गोठतात आणि एप्रिलपर्यंत, उत्तरेकडे तर कधीकधी मे उजाडेपर्यंत, बर्फ हटत नाही. कोकणात होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर येतात, झावळ्यांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची डागडुजी उरकून घेतात. इथे ती सवड हिवाळा देतो.

या गॅरेजांमध्ये हिवाळाभर ज्या होड्यांची खटपट चालते, त्यांत साठ-सत्तरच्या दशकांतल्या चौदा ते सोळा फुटी ॲल्युमिनियमच्या मोटरबोटी बऱ्याच असतात. कुणाच्या आजोबांची, कुणी शेजाऱ्याच्या अंगणातून काही शे डॉलरना उचललेली. नवी घ्यायची तर मोटर आणि ट्रेलरसकट सहज पाच आकडी डॉलर मोजावे लागतात, त्यामुळे जुनीला हात घालायचा मोह होतो. अशी होडी उघडली की आश्चर्य वाटतं ते पत्र्याचं. पन्नास-साठ वर्षांनंतरही तो बहुतेक ठिकाणी ठणठणीत असतो. सडलेलं असतं ते त्याच्या शेजारचं: लाकूड, फोम, गालिचा, स्क्रू, वायरी. आणि जिथे पत्र्याला भोक पडलेलं दिसतं, तिथे या शेजाऱ्यांपैकीच कुणीतरी गुन्हेगार निघतो. असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ, ही म्हण या होड्यांना शब्दशः लागू पडते.

विमानातून पाण्यात

या होड्यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशी जोडलेला आहे. ग्रुमन ही अमेरिकी नौदलासाठी लढाऊ विमानं बांधणारी कंपनी. तिचे एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ मध्ये ॲडिरॉन्डॅक डोंगरांत सहलीला गेले असता लाकूड-कॅनव्हासची जड कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, खांद्यावरून वाहून बेजार झाले. विमानाच्या पत्र्याची कनू का करू नये, हा विचार तिथला. १९४५ मध्ये ग्रुमनच्या कनू बाजारात आल्या. युद्ध संपलं होतं. पत्रा वाकवण्याची यंत्रं, रिव्हेट ठोकणारे हात आणि ॲल्युमिनियमचे साठे मोकळे झाले होते. मिनेसोटात अल्युमाक्राफ्टची सुरुवात १९४६ ची. न्यूयॉर्क मिल्स या छोट्या गावात हॉवर्ड लुंड यांनी बदकांच्या शिकारीसाठी स्वतःपुरती एक ॲल्युमिनियमची होडी बांधली, आणि त्यातून १९४८ मध्ये लुंड कंपनी उभी राहिली. मागे लावायची मोटर आधीच तयार होती: नॉर्वेत जन्मलेले ओले एव्हिनरूड यांनी मिलवॉकीत १९०९ पासून आउटबोर्ड मोटरी विकायला सुरुवात केली होती. एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, तरी जुन्या होड्यांच्या मागे ते नाव अजून दिसतं.

होडीचं वय काढायला एक सोपी खूण आहे. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या होडीच्या पाठीवर बारा अक्षरांचा क्रमांक कोरणं सक्तीचं झालं. तो नसेल तर होडी बहुधा त्याआधीची, किंवा पाठीचा पत्रा कुणीतरी बदललेला.

थंडी पडण्याआधीचं काम

पहिलं काम बर्फ पडण्याआधीच करावं लागतं, कारण त्याला पाणी लागतं. होडी ट्रेलरवर ठेवून, तळाखाली जागोजागी आधार देऊन, बूच लावून आत काही इंच पाणी भरतात. जास्त भरायचं नाही. होडीचा तळ बाहेरून येणारा दाब सोसण्यासाठी बांधलेला असतो, आतून येणारं वजन पेलण्यासाठी नव्हे. मग खाली झोपून, हातात मेणाचा खडू घेऊन, जिथून थेंब पडतो तिथे गोल काढत जायचं. काही रिव्हेटभोवती थेंब पडायच्या आधीच काळी कडी दिसते. रिव्हेट ढिला झाला की तो पत्र्यावर घासत राहतो आणि घासून निघालेली बारीक पूड काळी पडते. विमानं तपासणारे मेकॅनिकही हीच खूण शोधतात.

पाणी काढून होडी आत घेतली की दुसरी तपासणी मागच्या पाटीची, म्हणजे ट्रान्समची. मोटर तिलाच टांगलेली असते. मोटरचा खालचा पाय धरून वर-खाली हलवायचा. पाटी लवत असेल तर आतलं लाकूड गेलं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं तर चांगलं लाकूड टणक बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं.

लाकूड: पहिला संगती

ट्रान्सम बाहेरून ॲल्युमिनियमचा दिसला तरी आत प्लायवूड असतं, साधारण पाऊण-पाऊण इंचाचे दोन थर, मिळून दीड इंच. चाळीस अश्वशक्तीची जुनी मोटर म्हणजे सुमारे ऐंशी किलोंचं धूड. ते पाण्यात जोर लावतं आणि रस्त्यावर ट्रेलरसोबत आदळत राहतं. वरच्या पट्टीतून किंवा बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरलं की ते बाहेर यायला वाट नसते. लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि पत्र्याला चिकटून राहतं. ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो. पण त्या थराला टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल्या, कोंडलेल्या जागी तो तुटला की पुन्हा भरून येत नाही, आणि पत्र्यावर पांढऱ्या पुडीखाली खड्डे पडत जातात.

इथे बरेच हौशी लोक एक चूक करतात. कुजण्याचा धसका घेऊन ते दुकानातून रसायन मुरवलेलं, ‘कधीच न कुजणारं’ लाकूड आणतात. त्या रसायनात तांबं असतं. आधीच्या काळात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण वापरत. आर्सेनिकमुळे घरगुती वापरासाठी ते २००३ अखेर थांबलं आणि त्याची जागा घेणाऱ्या मिश्रणांत तांब्याचं प्रमाण उलट वाढलं. तांबं, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आले की विजेचा घट तयार होतो, आणि टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जस्ताचं कवच जसं खाल्लं जातं तसा होडीचा पत्रा खाल्ला जातो. लाकूड टिकतं, होडी जाते.

म्हणून साधं मरीन किंवा बाहेरच्या कामाचं प्लायवूड घ्यायचं. जुनी पाटी तुकड्यांत निघाली तरी ती जपून ठेवायची, कारण तिचाच साचा करून नवी कापायची असते. कडांना इपॉक्सी जास्त पाजायची. पाणी तिथूनच शिरतं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने बुजवायची आणि त्या भरावात पुन्हा नेमक्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्टला कोरं लाकूड भेटतच नाही. बोल्ट स्टेनलेसचे चालतात. धातूंच्या उतरंडीत स्टेनलेसही ॲल्युमिनियमच्या वरच्याच पायरीवर आहे, पण बोल्ट छोटा आणि पत्रा मोठा असल्याने झीज पसरून जाते. शिवाय मध्ये वेगळं ठेवणारी पेस्ट किंवा नायलॉनचा वॉशर घालतात. याच कारणाने तळात पडलेलं तांब्याचं जुनं नाणं, पितळेचा तुकडा किंवा गळाचं शिसं तिथेच राहू देत नाहीत. लोखंडी तारेच्या ब्रशने पत्रा घासणंही वर्ज्य, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात.

फोम: न दिसणारं वजन

बाकांखाली आणि फळीखाली फोम भरलेला असतो. १९७१ च्या फेडरल बोट सेफ्टी कायद्यानंतर आलेल्या नियमांनुसार, वीस फुटांखालच्या बहुतेक होड्यांमध्ये पाणी भरलं तरी तरंगत राहण्याची तजवीज असावीच लागते. हिशेब सोपा आहे. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलोंचं, तेवढाच फोम जेमतेम एक किलोचा. म्हणजे प्रत्येक घनफूट फोम सुमारे २७ किलो भार वर धरतो. पण जुना फोम पाणी पितो. वर्षानुवर्षं ओल साचून त्याचे लाद्यांसारखे जड तुकडे होतात, आणि हिवाळ्यात तेच पाणी आतल्या आत गोठतं. होडी पाण्यात खोल बसते, मोटर धापा टाकते आणि मालक दोष मोटरला देतो.

ओला फोम काढून टाकावाच लागतो, पण त्याची जागा रिकामी ठेवणं जिवावर बेतू शकतं. तुलनेने स्वस्त पॉलिस्टायरीन पेट्रोलने विरघळतो, म्हणून टाकीजवळ तो नको. नवा फोम पत्र्याला सर्वांगाने चिकटवण्याऐवजी खाली पाणी वाहून जायला फट ठेवून बसवतात. फळीवर गालिचा घालण्याची जुनी पद्धतही आता अनेक जण सोडतात. गालिचा ओल धरून ठेवतो.

रिव्हेट: दोघांचं काम

खडूने खुणा केलेले रिव्हेट बदलताना पहिला प्रश्न विचारला जातो: वेल्डिंग का नाही? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, त्याच्यावरचं ऑक्साइड मात्र दोन हजारांच्या वर. दीड-दोन मिलिमीटरच्या जुन्या, मळलेल्या पत्र्यावर अनुभव नसलेला हात भोक बुजवण्याऐवजी मोठं करतो. शिवाय या होड्यांचा मिश्रधातू लाटून कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळ तो पुन्हा मऊ पडतो.

म्हणून रिव्हेटच बरा. जुन्याच्या डोक्याच्या बरोबर मध्यभागी ड्रिल टेकवून फक्त डोकं उडवायचं, दांडा पंचने बाहेर ठोकायचा. ड्रिल सरकलं की भोक वाढतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट शोधावा लागतो. नव्या रिव्हेटवर सीलंटचा ठिपका लावून तो बाहेरून घालतात. आतल्या बाजूला दांड्याचा जो भाग उरतो, तो त्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट असावा. पावणेपाच मिलिमीटरच्या रिव्हेटला सात मिलिमीटर. मग एक जण खाली झोपून हवेवर चालणारी रिव्हेट गन डोक्यावर धरतो, दुसरा होडीत बसून लोखंडी ठोकळा शेपटीला टेकवून ठेवतो. गन तडतडते आणि ठोकळ्याखाली शेपटी चपटी होत जाते. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक करून इशारे ठरवतात: एकदा म्हणजे पुन्हा मार, दोनदा म्हणजे पुढच्यावर चल. नुसत्या ढिल्या झालेल्या रिव्हेटला बदलायचीही गरज नसते. त्याच पद्धतीने पुन्हा ठोकला की तो आवळतो. दुकानात मिळणारे पोकळ पॉप रिव्हेट पाण्याच्या रेषेखाली चालत नाहीत. तिथे लावायचेच तर टोक बंद असलेले.

रंग, मोटर आणि वायर

रंगकामाची खरी अडचण थंडी. बहुतेक इपॉक्सी आणि सीलंट दहा अंशांखाली नीट घट्ट होत नाहीत आणि बाहेर उणे वीस असतं. गॅरेज तापवावं लागतं, पण केरोसीन किंवा प्रोपेनचा हीटर बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि पेट्रोलच्या वाफेशेजारी उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. टाकी बाहेर, झरोका उघडा, वायूचा अलार्म भिंतीवर, अशी शिस्त पाळावी लागते. जुना पिवळट-हिरवा प्रायमर बहुधा झिंक क्रोमेटचा असतो. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरू शकते, म्हणून तो कोरडा घासायचा नाही आणि चांगला मास्क लावल्याशिवाय हात घालायचा नाही. पत्रा साफ झाला की लगेच, त्याच दिवशी, धातूला धरून बसणारा एचिंग प्रायमर द्यायचा. उशीर केला तर ऑक्साइड आणि हवेतली घाण मध्ये येऊन रंगाची पकड जाते. शेवाळ धरू नये म्हणून विकला जाणारा तांबंयुक्त रंग ॲल्युमिनियमला लावायचाच नाही.

मोटरची तपासणी खालून सुरू होते. गिअरचं तेल दुधाळ निघालं तर सील गेलं आणि आत पाणी शिरलं. ते तिथेच गोठलं तर नऊ टक्क्यांनी फुगून गिअरचं कवच तडकवतं. म्हणून हिवाळ्यात मोटर उभी ठेवतात, म्हणजे थंड करणारं पाणी आपोआप निथळतं. पंपातला रबरी इम्पेलर दिसायला बरा असला तरी बदलून टाकतात. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं आणि कार्बोरेटरच्या बारीक वाटा बुजवतं. साठवणीआधी स्टॅबिलायझर घालणं किंवा टाकी रिकामी करणं बरं.

वायरींमध्ये पुन्हा तोच संगतीचा प्रश्न. मोटारगाडीत लोखंडी सांगाडा परतीच्या वायरचं काम करतो. ती सवय होडीत आणली आणि पत्र्यालाच अर्थिंग जोडलं, तर भटकता प्रवाह काही महिन्यांत पत्रा खाऊ शकतो. प्रत्येक दिव्याला आणि पंपाला जाणारी आणि परतणारी अशा दोन स्वतंत्र वायरी लागतात. गोड्या पाण्यात स्वतः झिजून पत्रा वाचवणारा ॲनोड मॅग्नेशियमचा लावतात, खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा.

मे महिन्याआधी

मे महिन्यात वॉलआय माशांचा हंगाम उघडतो आणि तोपर्यंत होडी तयार हवी असते. रस्त्यावर आणताना बूच काढलेलंच हवं. होडीत उरलेल्या पाण्यासोबत उपद्रवी झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात तसा कायदाच आहे. आणि पाण्यात सोडताना ते परत लावायचं विसरणारेही दर वर्षी निघतात.

कुणी जुनी होडी घ्यायची का असं विचारलं, तर पत्र्यावरच्या ओरखड्यांकडे आणि पोचांकडे बघू नका असं सांगावं. पाटी ठोकून बघा, फोम हाताने दाबून बघा, आधीच्या मालकाने कोणते स्क्रू आणि कोणतं लाकूड वापरलं ते विचारा. आणि स्वतः काम केलंत तर नव्या पाटीवर, पत्रा बसवण्याआधी, प्लायवूडचा प्रकार, इपॉक्सीचं नाव आणि वर्ष पक्क्या शाईने लिहून ठेवा. पत्रा आणखी पन्नास वर्षं टिकेल. तेव्हा ती पाटी उघडणाऱ्याला या होडीची संगत कुणाशी होती ते तरी कळेल.