पीएचडी प्रवेशातले ७०:३०, मुलाखतीचे वजन नेमके किती?

पीएचडी प्रवेशाच्या जाहिरातीत "लेखी ७० टक्के, मुलाखत ३० टक्के" हे तुम्ही वाचले असेलच. वाचून बऱ्याच जणांना वाटते की सगळे लेखीवरच ठरणार, मुलाखत काय, नावापुरती! प्रत्यक्षात गणित वेगळे निघते. उच्च शिक्षणातल्या सामाजिक न्यायाचा एक मोठा प्रश्न या गणितात आहे, म्हणून आज ते सोडवून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती होती. ५० टक्के मिळाले की पुढची निवड मुलाखतीवर. याला जोरदार विरोध झाला. २०१८ मध्ये ७०:३० आले आणि राखीव प्रवर्गांना लेखीच्या पात्रतेत ५ टक्के सवलत मिळाली. २०२२ च्या नियमावलीतही हेच प्रमाण आहे. जून २०२४ च्या नेटपासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश घेता येतो. तिथेही जेआरएफ नसलेल्यांना ७०:३० लागू आहे. जेआरएफ असेल तर मात्र निवड मुलाखतीवर होते.

आता एक काल्पनिक उदाहरण घ्या. 'अ' ला लेखीत १०० पैकी ६८ गुण आहेत, 'ब' ला ५८. ७० टक्क्यांनी गुणले की होतात ४७.६ आणि ४०.६. म्हणजे 'अ' ७ गुणांनी पुढे. मुलाखतीत ३० पैकी 'अ' ला १२ आणि 'ब' ला २४ मिळाले. बेरीज: 'अ' ५९.६, 'ब' ६४.६. 'ब' ची निवड झाली!

असे का झाले? कारण एखाद्या घटकाचे खरे वजन कागदावरच्या टक्क्यांइतकेच त्या गुणांच्या पसरणीवरही ठरते. संख्याशास्त्रात हे आपण प्रमाण विचलनाने मोजतो. लेखी पास झालेले बहुतेक जण ५५ ते ७० च्या मध्ये दाटीने असतील आणि मुलाखतीचे गुण ५ पासून २८ पर्यंत पसरलेले असतील, तर यादीचा क्रम मुलाखतच ठरवते.

हे नुसते पुस्तकी गणित नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने प्रवेशाची आकडेवारी तपासली. लेखी आणि मुलाखतीच्या गुणांतल्या फरकाचा सामाजिक प्रवर्गांनुसार सातत्याने दिसणारा नमुना भेदभावाकडे बोट दाखवतो, असे समितीने म्हटले आणि मुलाखतीचे गुण ३० वरून १५ वर आणण्याची शिफारस केली.

तुम्ही म्हणाल, आरक्षण आहे ना, मग अडचण कुठे? अडचण अशी की राखीव प्रवर्गातला हुशार विद्यार्थी गुणवत्तेवर खुल्या जागेवरही येऊ शकतो. मुलाखतीत गुण कापले गेले की तो राखीव जागेवर ढकलला जातो आणि त्याच प्रवर्गातला पुढचा एक जण बाहेर राहतो. नुकसान दोघांचे होते. पहिल्याला तर ते कळतही नाही, कारण त्याला प्रवेश मिळालेला असतो.

मुलाखतीत काय तपासावे हे २०१६ च्या नियमावलीत लिहिले होते: उमेदवाराची संशोधनाची क्षमता, ते काम त्या संस्थेत होऊ शकते का, आणि त्यातून ज्ञानात भर पडेल का. फाडफाड इंग्रजी, आडनाव किंवा गाव यांचा त्यात उल्लेख नाही.

मग तुम्ही काय करायचे? तुमचा संशोधन प्रश्न, पद्धत आणि त्याच संस्थेत काम का करायचे आहे, हे तीन मिनिटांत सांगायचा सराव करा. आधी मराठीत, मग इंग्रजीत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत आधीच तपासून ठेवा. निकाल लागल्यावर लेखी आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे मागा. सरकारी विद्यापीठ देत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. एकट्याच्या गुणांवरून फारसे काही सिद्ध होत नाही, पण दहा वर्षांचे सगळ्यांचे गुण प्रवर्गनिहाय समोर आले की नमुना दिसतो. संशोधक व्हायचे आहे ना, मग डेटा मागायची सवय इथूनच लावून घ्या.